सुतारकीचा माग : कारागीर घराण्यांच्या इतिहासाविषयी

महाराष्ट्रात घराण्यांचे इतिहास विपुल लिहिले गेले असले, तरी त्यांतील बहुतेक घराणी जमीन, तलवार, पौरोहित्य किंवा लेखणी यांपैकी कशावर तरी उभी होती. हत्यारावर उभ्या राहिलेल्या घराण्यांचा, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशा बलुतेदारांचा इतिहास माणसांच्या नावांसह आणि पिढ्यांच्या क्रमाने मांडण्याचे प्रयत्न त्या मानाने फार थोडे झाले. बलुतेदार म्हणजे गावाला लागणारे ठरावीक काम वंशपरंपरेने करणारा आणि त्याबद्दल प्रत्येक हंगामात खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, उचलणारा गावाचा हक्कदार. या व्यवस्थेचे वर्णन शंभर-दोनशे वर्षे होत आले आहे, पण त्या वर्णनांत सुतार नेहमी एकवचनी असतो : तो नांगर करतो, जू करतो, घराचे आढे चढवतो, आणि त्याला नाव नसते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय पौड आणि त्याभोवतीच्या मुळशी तालुक्यातील सुतार घराणी हा असून, या अनामिक एकवचनाच्या जागी बाप, मुलगा, भाऊ, चुलता, लेक आणि सून अशी माणसे उभी करता येतात का, आणि येत असल्यास कोणत्या पुराव्याने, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

पौड हे आज मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते मुळा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. शिवपूर्वकाळापासून सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणत, आणि प्रत्येक मावळावर एखाद्या देशमुख घराण्याचे वतन असे. पौड मावळाचे ढमाले, मुठे खोऱ्याचे मारणे, मोसे खोऱ्याचे पासलकर ही नावे इतिहासाच्या वाचकाला परिचित आहेत. इंग्रजी अमदानीत मुळशी हा दीर्घकाळ हवेली तालुक्याला जोडलेला पेटा, म्हणजे दुय्यम महसुली विभाग, होता. हा प्रदेश अतिवृष्टीचा, भातशेतीचा आणि लहान लहान वाड्यांचा. देशावरच्या मोठ्या गावात बारा बलुतेदारांचा मेळ सहसा पुरा बसे. येथे मात्र अनेक गावांत तो अपुराच राही, आणि एकाच सुताराच्या घराने शेजारच्या दोन-तीन गावांचे काम सांभाळावे, अशी स्थिती होती. याचा परिणाम वंशेतिहासाच्या अभ्यासकाला थेट भोगावा लागतो, कारण एकाच घराची माणसे वेगवेगळ्या गावांच्या कागदांत विखुरलेली सापडतात, आणि केवळ एका गावचे दप्तर चाळून घराणे ‘संपले’ असा निष्कर्ष काढला, तर तो बहुधा चुकीचा ठरतो.

या अभ्यासक्षेत्राची ओळख करून घेताना एक दूरची तुलना उपयोगी पडते. उत्तर अमेरिकेत आजच्या क्वेबेकच्या परिसरात फ्रेंचांची वसाहत १६०८ पासून १७६३ पर्यंत टिकली, आणि तेथे पिंपे घडवणारा कारागीर हा अत्यावश्यक माणूस होता. खारवलेले मासे, पीठ, दारू यांपैकी काहीही साठवायचे किंवा जहाजावर चढवायचे, तर लाकडी फळ्यांना कड्या घालून बांधलेले पिंप लागे. हा कारागीर समाजात फार वर चढलेला नव्हता, तरीही त्याच्या आजच्या वंशजाला दहा-दहा पिढ्या मागे जाता येते. १६६६ साली प्रशासक जाँ तालाँ याने केलेल्या शिरगणतीत वसाहतीतील ३,२१५ लोकांची नोंद झाली व तीत वय आणि धंदाही टिपला गेला. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवल्या जात. शागिर्दीचे करार, विवाहकरार आणि वाटण्या नोटरीपुढे होत. या सामग्रीवर सिप्रियाँ तांगे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० या काळात फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांचा सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला, आणि १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने त्याच नोंदी एकमेकींशी जोडून सबंध लोकसमूहाचीच वंशावळ उभी केली. आडनावांचा घोळ तिकडेही होताच. सैन्यातल्या टोपणनावाने किंवा गावाच्या नावाने कुटुंबाची शाखा ओळखली जाई, आपल्याकडच्या ‘ऊर्फ’सारखी, आणि एकाच बापाची दोन मुले दोन आडनावांनी नोंदली जात. पण तेथील चर्चच्या वहीत स्त्री जन्मभर माहेरच्या नावाने नोंदली जाई, ही गोष्ट वंशेतिहासाच्या दृष्टीने अमूल्य ठरली. त्या नोंदी माणसाच्या होत्या. मराठी मुलखात जे लिहिले गेले ते हक्काविषयी. या एका फरकातून पुढील सर्व अडचणी, आणि काही अनपेक्षित सोयीही, निघतात.

मराठी गावात सुताराचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही, त्याचे लग्नही लिहिले नाही. पण त्याच्या वतनावर दुसऱ्याने हक्क सांगितला की कागद तयार होऊ लागे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारे काम आणि त्यासोबतचे उत्पन्न व मानपान. सुतारकीचेही वतन असे, त्याच्या तक्षिमा म्हणजे वाटे पडत, ते गहाण पडे, विकले जाई, आणि भाऊबंदांत त्यावरून वर्षानुवर्षे तंटे चालत. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी व हक्कदार यांच्या सभेपुढे, गेला की प्रत्येक पक्ष आपला करीना देई. करीना म्हणजे मूळ पुरुषापासून आजपर्यंत वतन कोणाकडून कोणाकडे आले याची हकीकत. निवाड्यानंतर महजर, म्हणजे सभेच्या निर्णयाचा लेख, होई, आणि त्यावर हजर असलेल्यांच्या साक्षी पडत. अक्षर न येणारा हक्कदार आपल्या धंद्याची निशाणी काढी : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे किंकरे किंवा वाकस. कारागिराने आपल्या ओळखीची खूण स्वतः कागदावर ठेवली, अशी दुसरी जागा क्वचितच मिळते, आणि ग्रंथकर्त्यांनी या निशाण्यांकडे सजावट म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहिले आहे, हे योग्यच झाले. मात्र यातून एक कठोर निष्कर्षही निघतो. जे घर समंजसपणे नांदले, ज्यात वाटणी तोंडी झाली आणि कोणी कोणाविरुद्ध फिर्याद केली नाही, ते कागदातून नाहीसे झाले. कारागीर घराण्यांचा उपलब्ध इतिहास हा मुख्यतः भांडणाऱ्या घराण्यांचा इतिहास आहे, आणि त्यावरून सबंध समाजाचे चित्र रंगवणाऱ्याने हे विसरता कामा नये.

या कागदांकडे लक्ष जाण्याचे श्रेय अर्थातच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांच्या पिढीकडे जाते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि गावोगावच्या दप्तरांतून कागद गोळा करण्याची चळवळच सुरू झाली. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेली जेधे शकावली मावळातल्याच एका देशमुख घराण्याच्या संग्रहातली. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ही सर्व कामगिरी प्रचंड आहे, पण निवड करणाऱ्यांची नजर राज्यकारभार आणि मोहिमा यांवर होती. सुतारकीचा तंटा त्यांच्या हाती आला असला, तरी तो छापण्याजोगा वाटण्याचे कारण नव्हते. तो आजही पुण्याच्या पुरालेखागारात मोडी लिपीतील कोट्यवधी कागदांमध्ये, घडणी, चिटणिशी, प्रांत अजमास अशा विभागांच्या रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेला आहे.

याला समांतर अशी दुसरी परंपरा कुलवृत्तांतांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, विशेषतः कोकणस्थ घराण्यांत, मंडळे स्थापून, पत्रके पाठवून, शाखानिहाय वंशवृक्ष छापण्याची शिस्तबद्ध पद्धत रूढ झाली. तिची चिकाटी आणि नीटनेटकेपणा वाखाणण्यासारखा असला, तरी गोत्र, मूळ गाव आणि साक्षरता यांचा आधार गृहीत धरणारी ती पद्धत कारागीर घराण्यांना जशीच्या तशी लावता येत नाही; लावल्यास पोकळी कल्पनेने भरली जाते आणि विश्वकर्म्यापासून थेट पणजोबापर्यंत येणारे वंशवृक्ष तयार होतात. श्रद्धा म्हणून ते आदरणीय असतील, इतिहास म्हणून नव्हेत.

तिसरी परंपरा गावगाड्याच्या अभ्यासाची. पुण्याजवळच्या लोणी गावाविषयी थॉमस कोट्स याने लिहिलेला वृत्तान्त १८२३ साली प्रसिद्ध झाला. १८२६ साली ग्रँट डफने आपल्या इतिहासात बलुते आणि अलुते यांची यादी दिली. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत निघाले. पण आतून लिहिलेले, आणि म्हणून आजही वाचनीय असे पुस्तक म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५). महसूल खात्यात नोकरी केलेल्या आत्र्यांना बलुत्याची खरी देवघेव ठाऊक होती, आणि तिच्याविषयी त्यांना कोणताही भाबडेपणा नव्हता. त्यांच्या काही मतांमधला वरून पाहण्याचा सूर मात्र आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहणार नाही. दोनच वर्षांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने १९७२ साली, अठराव्या शतकातील मराठी कागदांच्या आधारे, एक महत्त्वाचा मुद्दा मांडला : बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा आश्रित नसून तो सबंध गावाचा सेवक होता, आणि म्हणून विल्यम वायझर याने उत्तर भारतातील एका खेड्यावरून १९३६ साली मांडलेली जजमानी, म्हणजे आश्रयदाता कुटुंब आणि सेवेकरी कुटुंब यांच्यातील बांधिलकीची कल्पना महाराष्ट्राला लागू पडत नाही. वंशेतिहासाच्या दृष्टीने या वादाला व्यावहारिक किंमत आहे. सुतार गावाचा असेल, तर त्याचा माग पाटील-कुलकर्ण्यांच्या गावकीच्या कागदांत काढायचा. यजमान कुटुंबाचा असेल, तर त्या कुटुंबाच्या वहीत. मावळात पहिला मार्गच फलदायी ठरतो.

आता प्रत्यक्ष शोधातील अडचणींकडे वळता येईल. पहिली नावाची. जुन्या कागदात ‘अमुक बिन तमुक सुतार’ किंवा ‘वलद तमुक’ अशी नोंद असते. बिन आणि वलद या दोहोंचा अर्थ मुलगा. ‘सुतार’ हे येथे आडनाव नसून धंद्याची व जातीची ओळख असते, आणि शाळेच्या दाखल्यावर ती आडनाव म्हणून चढते. त्याच वेळी एखादी शाखा कुळाचे जुने नाव लावते, दुसरी गावाच्या नावाला ‘कर’ जोडते, आणि तीन पिढ्यांत सख्खे चुलतभाऊ कागदावर परके होतात. त्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने राणोजी, गोविंदा, राणोजी अशी आवर्तने येत राहतात. वर्ष निश्चित केल्याशिवाय कोणता राणोजी कोणता हे कळत नाही. वर्षाचाही प्रश्न सोपा नाही. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, फसली सनात ५९० किंवा ५९१, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००. शिवाय सुहूर सन आकड्यांत न लिहिता इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. एका सनाचा दुसऱ्याशी घोळ झाला, तर मुलगा बापाच्या आधी जन्मतो, आणि हौशी वंशावळींत असे चमत्कार कमी नाहीत.

इंग्रजी अमदानीतील कागद अधिक सरळ आहेत. इनाम कमिशनच्या चौकशीत हक्कदारांच्या कैफियती लिहून घेण्यात आल्या. जमीनमोजणीनंतर सर्व्हे नंबर आले. पुढे फेरफार नोंदी, सातबारा आणि गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदीचे कोतवाल बुक यांतून माणसाला माणूस जोडता येतो. १९५३ च्या कायद्याने समाजोपयोगी सेवेची इनामे रद्द झाली, तेव्हा ज्या थोड्या सुतार घरांकडे इनाम जमिनीचा तुकडा होता त्यांच्या वारसांच्या नोंदी झाल्या. म्हणजे वतन सुरू असताना तंट्याने आणि संपताना कायद्याने, अशी दोन्ही टोकांना नावे उरली. तीर्थक्षेत्रांचे साधन वेगळे. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव, बाप, आजा आणि मुले यांसह उतरवलेली असतात, आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी ही भटकी जमात घराण्यांच्या वंशावळी पिढ्यानुपिढ्या सांगत आली आहे. मावळातील कारागिराची यात्रा मात्र मुख्यतः आळंदी-पंढरीची, आणि पायी वारीत नाव लिहिण्याची प्रथा नाही.

या सर्व लेखी साधनांत स्त्री जवळजवळ नाही. क्वेबेकच्या वहीत ती माहेरच्या नावाने टिकली. मराठी घरात लग्नानंतर तिचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलले जाई, आणि करीन्यात ती आलीच, तर ‘नकल झाले’ म्हणजे निपुत्रिक वारलेल्याची बायको म्हणून. ही उणीव भरून काढणारे साधन याच तालुक्यात निर्माण झाले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास सुरुवात केली, आणि त्यातून पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध झाला. ओवी ही वंशावळ नव्हे, आणि तिच्यातील भाऊ खरा भाऊ असेलच असे नाही. तरीही सासर-माहेरची गावे, नात्यांची उतरंड आणि कोणत्या गावाशी सोयरीक होते याची जाण तिच्यात असते. सुतार घरे एका गावात फार तर एक-दोनच असल्याने लेक नेहमी दूर द्यावी लागे. म्हणून या घराण्यांचा खरा नकाशा सोयरिकींचा आहे, भाऊबंदांचा नव्हे. हा विचार ग्रंथाच्या मांडणीचा कणा मानता येईल.

मुळशीच्या बाबतीत आणखी एक घटना टाळून पुढे जाता येत नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे काम सुरू झाले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. सेनापती बापट हे त्याचे नाव झाले, विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला, आणि राजेंद्र व्होरा यांनी पुढे त्याचा चिकित्सक अभ्यास केला. सुमारे पन्नास गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. मोबदल्याची चर्चा जमिनीच्या मालकीभोवती फिरली. सुताराकडे जमीन नाममात्र आणि उत्पन्न मुख्यतः बलुत्याचे, म्हणजे गाव उठले की त्याचे उत्पन्नच उठले, आणि त्याची किंमत करण्याचे माप कोणत्याच पक्षाकडे नव्हते. सत्याग्रहाच्या साहित्यातही बलुतेदाराचा आवाज क्षीण आहे, हे त्या लढ्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणावे लागते.

धरणाशिवायही हा व्यवसाय आतून बदलत होता. १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला व हळूहळू पसरला. खडकीचा दारूगोळा कारखाना, रेल्वे आणि मुंबईच्या गिरण्या यांना कुशल हात हवे होते. आणि वाकस-पटाशी चालवणारा माणूस मोलमजुरीपेक्षा वरच्या दराने शहरात शिरू शकत होता. त्यामुळे मुळशीच्या अनेक घराण्यांची पुढची पाने पौडच्या दप्तरात नसून गिरणगावात, खडकीत आणि आता कोथरूडच्या फर्निचर दुकानांत आहेत. याहून दूर गेलेल्यांचा माग कधीकधी अधिक सोपा असतो : १८३४ पासून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि त्यांत बापाचे नाव व गाव सापडते. परदेशी गेलेल्या मजुराचा पत्ता लागावा आणि शेजारच्या खोऱ्यात गेलेल्या सुताराचा लागू नये, ही आपल्या दप्तरांची रीत आहे.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचे उत्तर केवळ जिज्ञासेत नाही. इतर मागासवर्गीयांना जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानंतर जुन्या मोडी नोंदींचा शोध घरोघरी पोहोचला. हिंजवडीपासून पुढे जमिनीचे भाव चढले आणि वारस कोण हा प्रश्न न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२३ मध्येच सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने सुतारकीसह १८ व्यवसायांना पुन्हा शासकीय ओळख दिली. वंशावळ ही त्यामुळे पुन्हा एकदा हक्काची वस्तू बनली आहे, जशी ती करीन्याच्या काळात होती, आणि म्हणूनच तिच्यात खोट मिसळण्याचा मोहही तेव्हाइतकाच आहे. हव्या त्या मूळ पुरुषापासून खाली न उतरता आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जाणे, प्रत्येक दुव्याला स्वतंत्र पुरावा मागणे, आणि पुरावा थांबला तेथे थांबणे, ही शिस्त या ग्रंथाने पाळली आहे. तिच्यामुळे काही घराण्यांचा वृक्ष चारच पिढ्यांत आटोपतो. वाचकांपैकी काहींची त्याने निराशा होईल, पण चार खऱ्या पिढ्या चौदा रचलेल्या पिढ्यांपेक्षा अधिक मोलाच्या आहेत, हे मत येथे निःसंदिग्धपणे नोंदवावेसे वाटते. ग्रंथात घराण्यांचे इतिहास एका साच्यात बसवलेले नाहीत. जेथे तंट्याचे कागद आहेत तेथे तंटा, जेथे केवळ हत्यारांची पेटी आणि आठवण आहे तेथे ती पेटी, अशी मांडणी असल्याने प्रकरणांची लांबी विषम आहे, आणि ती तशीच असणे बरोबर आहे.

मुळशी परिसरातील ज्या घरांत माळ्यावर किंवा पेटीत मोडी कागद, जुने शाळेचे दाखले, फेरफाराच्या नकला पडून असतील, त्यांनी ते कागद लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टीने जोडू नयेत आणि मूळ प्रत कोणाच्याही हवाली करू नये. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, कागद सुती कापडात कोरड्या जागी ठेवावेत, आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत. घरात आजी हयात असेल, तर तिचे माहेरचे गाव, पाळण्यातले नाव आणि तिच्या आईचे माहेर एवढ्या तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात, कारण त्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाहीत.